धुळ्याहून रोज विचारणारा

सुलक्षणाबाईचा राग वाईट. इतरांचा राग दुधासारखा, उतू जातो आणि चुलीत पडून संपतो. ही मात्र तो मुरवते. पारोळ्याजवळच्या त्या गावात तिच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, आणि तरी लग्नसराई आली की गाव तिच्याच दारात येतं, कारण खापरावरचे मांडे तिच्यासारखे कोणालाच जमत नाहीत. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर अशी खेळवते की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरतो आणि मग तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद पडतो. मनातले मांडे खाणारे जगात पुष्कळ. खापरावर टाकताना ज्याचा मांडा फाटत नाही असा हात एखाद्याचाच.

हा हात तिच्या दिरानं वर्षानुवर्षं वापरला. दीर ललित, धुळ्यात त्याचं केटरिंग. ऑर्डर आली की त्यानं वहिनीला गाडी पाठवायची आणि वहिनीनं दिवसभर धगीपुढे उभं राहायचं. घरचंच काम म्हणून तीही जायची. एका लग्नात नाशिकची वरमाय जेवून उठली ती थेट मांडवामागे आली, हातात साडी आणि नारळ. म्हणाली, "हे मांडे ज्यांच्या हातचे, त्यांची मला ओटी भरायचीय." ललितनं आपल्या बायकोला, ऋतिकाला पुढे केलं. ऋतिकाच्या बोटाला कणकेचा कणसुद्धा लागलेला नव्हता, पण ती पदर पसरून उभी राहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वरमायेनं खापराजवळच्या बाईकडे बघून विचारलं, "आणि या कोण?" कोपरापर्यंत पिठानं भरलेल्या आपल्या सख्ख्या वहिनीकडे ललितनं नजर टाकली आणि म्हणाला, "मदतीला आणलेली बाई आहे."

सुलक्षणाबाईनं उरलेले मांडे केले, हात धुतले आणि ती घरी आली. नवऱ्याला, किरणला, एवढंच म्हणाली, "तो मांडा कोन्हा हातना व्हता, हाई मी बठ्ठा धुयाले सांगसू." सगळ्या धुळ्याला हे कळवायचंच असं तिनं ठरवलं, आणि त्या दिवसापासून ललितच्या गाडीत पाय ठेवला नाही.

पारोळ्याच्या स्टँडजवळ स्वप्नील नावाचा माणूस दुकानदारांच्या वेबसाइट बनवून देतो. तिनं त्याला गाठलं. पानावर तिचं नाव, तिचं गाव आणि मांडा हातावर खेळवतानाचा व्हिडिओ. वेबसाइटवर कोण कुठून येतं ते मोबाइलवर कसं बघायचं, हेही त्यानं शिकवलं.

"पूर्वी लोक शोधायचे, ताई. आता एआयला सरळ विचारतात, खान्देशात मांडे चांगले कोण करतं? त्यानं तुमचं नाव सांगितलं आणि माणसानं लिंक दाबली की तो इथे वेगळ्या ओळीत दिसतो."

"माणसाचं नाव दिसतं?"

"नाव नाही. शहर दिसतं."

शहर पुरे होतं. पुणे, सुरत, जळगाव कधीमधी यायचं, पण धुळे रोज. एकही दिवस खाडा नाही. सुलक्षणाबाई सकाळी आधी ती ओळ बघायची आणि मग चूल पेटवायची. आळीतल्या बायकांना ऐकवायची की धुळं माझ्याबद्दल विचारतंय. ललितच्या दुकानावरून लोक तिचं नाव घेत चाललेत आणि तो आत तोंड लपवून बसलाय, असं चित्र तिनं मनात रंगवून ठेवलं होतं. पुण्याहून, जळगावहून ऑर्डरी येऊ लागल्या. धुळ्याहून फोन एकही आला नाही. लोक ललितला भीत असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासू ताईबाई महिनाभर धुळ्याला राहून परत आली. दोघी कुरडया डब्यात भरत असताना ती सहज म्हणाली, "ललित रोज सकायमा चहा लेतांना मोबाइलले इचारस, मांडा चांगला कोन करस. मोबाइल तुन्हंच नाव सांगस, तो ते दाबीसन देखस. मंग तो दिनभर कोन्हासंगे बोलत नही."

सुलक्षणाबाईचा हात थांबला. म्हणजे आख्खं धुळं म्हणजे एकटा ललित. आधी तिचं तोंड उतरलं. मग आत कुठेतरी असं काही गार वाटलं की ती उठून मागच्या अंगणात गेली आणि एकटीच हसली. शंभर ऑर्डरींनी जे झालं नसतं ते झालं होतं. मदतीला आणलेल्या बाईचं नाव तो माणूस रोज स्वतःच्या तोंडानं विचारून ऐकत होता.

शहाणी बाई इथे थांबली असती. पण सूड लागला गोड. ती दुसऱ्याच दिवशी पारोळ्याला गेली आणि ते लग्न, ती ओटी, ऋतिकाचा पदर आणि ललितचं वाक्य, सगळं नावानिशी पानावर लिहायला सांगितलं. स्वप्नील चाचरला. "ताई, असलं वेबसाइटवर कोणी लिहीत नाही."

"तू लिही."

काही आठवड्यांत एआय ते सांगू लागलं. 'सुलक्षणाबाईंचे मांडे नावाजलेले आहेत. एका लग्नात त्यांच्या मांड्यांसाठीची ओटी जावेनं घेतली, असं त्यांचं म्हणणं आहे.' त्या 'म्हणणं आहे'चा तिला राग आला. तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं ते. पण धुळ्याच्या ओळीतला आकडा आता दिवसातून तीन-तीनदा हलायला लागला होता, त्यावर तिनं तो राग गिळला.

मग शिरपूरहून एका बाईचा फोन आला. "मांडे तुमचेच हवे होते हो. पण तुमच्याकडे दिराशी वाद आहे म्हणे. पोरीचं लग्न आहे, मांडवात कटकट नको."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मोबाइलनंच."

पुढे पुण्याची ऑर्डर गेली, जळगावच्या दोन गेल्या. सगळ्यांचा सूर तोच, मांडे चांगले, पण घर भांडखोर. शत्रू कोण आणि गिऱ्हाईक कोण हे त्या यंत्राला कुठून कळणार? विचारील त्याला ते सगळंच सांगत होतं.

किरण चिडला. "सोतानं नाक कापीसन मन्हा भाऊले अपशकुन करी राहिनी तू. काढी टाक ते."

तिलाही ते पटलं. खापर थंड पडलेलं तिला बघवत नव्हतं. ती स्वप्नीलसमोर जाऊन बसली. तो म्हणाला, "आज पुसतो. एआय एकदम नाही विसरणार, पण हळूहळू येईल ताळ्यावर." त्यानं मजकूर निवडला.

"थांब," ती म्हणाली. "ललितच्या केटरिंगचं कोणी विचारलं तर काय सांगतं ते?"

स्वप्नीलनं विचारून बघितलं आणि वाचून दाखवलं. धुळ्यातलं जुनं केटरिंग, जेवण चांगलं. मांडे मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या वहिनी सुलक्षणाबाई करत असत, असं त्या सांगतात. पुढे ओटीची सगळी हकिगत. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे त्याचं नाव काढलं की माझं येतंच?"

"येतं, ताई. पण तुमचं काढलं तरी त्याचं येतं."

सुलक्षणाबाई उठली. मग पिशवी उचलून म्हणाली, "मग राहू दे."

त्या लग्नसराईत तिची चूल जेमतेम चार-दोनदा पेटली. हात शिवशिवतात, झोप लागत नाही, ती स्वतःच सांगते. पण सकाळी मोबाइल उघडते, धुळ्याची ओळ बघते, आणि ती हललेली असली की तिचा दिवस बरा जातो.