पिवळा झेंडा उशिरा उठला

मागच्या हिवाळ्यात वडगाव निंबाळकरजवळच्या मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलींची शर्यत झाली. शेवटच्या फेरीत, चढावरच्या वळणाला, पिवळा झेंडा उशिरा उठला. झेंडा ज्यांच्या हातात होता त्यांना सगळे तात्या म्हणत.

तात्यांना तुम्ही कोऱ्हाळ्याच्या दूध संकलन केंद्रावर दूध मापताना पाहिलं असेल. खांद्यावरचा पंचा ते रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हलवायचे आणि विचारायचे, "दिसला का झेंडा?" दिसला म्हटल्याशिवाय त्याचं दूध मापात जात नसे. नव्या माणसाला गंमत वाटे. जुने मुकाट्याने हो म्हणत.

या प्रश्नाचं मूळ त्या शर्यतीच्याही दोन वर्षं आधी झालेल्या शर्यतीत होतं. त्याच वळणावर तात्यांचा धाकटा भाऊ पडला. पिवळा झेंडा लगेच हलला. पिवळा म्हणजे पुढे माणूस पडलाय, वेग कमी करा. मागून आलेल्या इंदापूरच्या रायडरने वेग कमी केला नाही. चाक भावाच्या डाव्या पायावरून गेलं. झेंडा दिसलाच नाही, असं तो नंतर म्हणाला. आयोजकांनी ते मान्य केलं आणि करंडक त्याला दिला. भाऊ उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्या पायाने आता क्लच दाबला जात नाही.

तात्या आयोजकांकडे गेले ते तक्रार घेऊन नव्हे. त्यांनी त्याच वळणावर झेंडा धरायचं काम मागितलं. झेंडा शिंप्याकडून शिवून आणला, नेहमीच्या तिप्पट मोठा.

"तात्या, ह्यो झेंडा हाय का मांडव?" एका आयोजकाने विचारलं.

"आता दिसला न्हाय म्हणायची सोय न्हाय," तात्या म्हणाले.

संध्याकाळी ते अंगणात झेंडा हलवायचा सराव करत. भाऊ बाजेवरून बघत असे. एकदा माझ्यासमोरच तो म्हणाला, आता सोडून द्या. तात्यांनी झेंड्याची घडी घातली आणि विचारलं, "क्लच दाबतोस का?"

मागच्या हिवाळ्यात इंदापूरचा रायडर बाकीच्यांच्या बराच पुढे होता. चढ ओलांडून उताराला लागताच तो घसरला आणि गाडीखाली अडकला. मागच्यांना तो चढामुळे दिसणार नव्हता. माथ्यावरचे तात्या दिसणार होते. मी बातमीसाठी दोरीमागे उभा होतो. झेंडा उठल्याशिवाय ट्रॅकवर कोणी उतरायचं नाही, असा नियम. सगळे तात्यांकडे बघत होते. झेंडा त्यांच्या काखेत होता.

"तात्या, झेंडा," रायडर खालून म्हणाला.

"त्या दिशी दिसला हुता का?"

गाड्यांचा आवाज चढाकडे येऊ लागला.

"पाया पडतो, तात्या."

"ते नगं. दिसला हुता का न्हाय?"

"दिसला हुता. नंबर जाईल म्हणून न्हाय थांबलो."

"मोठ्यानं."

तो ओरडून पुन्हा तेच बोलला. दोरीमागच्या सगळ्यांनी ऐकलं. मग झेंडा उठला. पहिली गाडी रायडरपासून हातभर अंतरावर थांबली. त्याचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही.

आयोजकांनी त्याच्याकडून जुना करंडक परत घेतला आणि त्याला शर्यतींतून बाद केलं. तात्यांनाही बोलावलं. गडबडीत उशीर झाला एवढं म्हणा, विषय मिटेल, असं त्यांना सुचवण्यात आलं.

"गडबड नव्हती," तात्या म्हणाले. "मुद्दाम थांबलो. त्यो बोलला नसता तर झेंडा उठला नसता."

वळण त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. पुढे एकदा दूध केंद्रावर मी त्यांना विचारलं, वाईट वाटतं का.

"व्हय," ते म्हणाले. "लवकर उचलला."

पंचा खांद्यावरच राहिला. रांगेत आता कोणाला काही विचारलं जात नव्हतं.

या वर्षीच्या शर्यतीत त्या वळणावर दुसरा माणूस उभा होता. त्याच्या हातातला झेंडा नेहमीच्या मापाचा होता. तात्या आले नाहीत. त्यांचा झेंडा अंगणात उभ्या असलेल्या भावाच्या ट्रॅक्टरच्या सीटवर बांधलेला आहे.