गवई सरांची बंद-उघडी भानगड

बुलढाणा जिल्ह्यात लिनक्सवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी ही फुकट, उघडी प्रणाली चालवणारे, आम्ही तिघंच, पण किस्से मात्र अख्ख्या गावाला पुरतील! मी कोर्टातला कारकून, सतीशचं संग्रामपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि गवई सर कॉलेजात शिकवतात. सरांचा हट्ट एकच: ज्या प्रोग्रामचा कोड उघडून वाचता येत नाही, तो वापरायचा नाही. हा हट्ट वायफायपासून सुरू झाला आणि त्यांच्या आईच्या कानापर्यंत गेला.

*

सरांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला घेतलं. मशीननं विचारलं, वायफायला फर्मवेअर लागेल, पण ते मुक्त नाही, कंपनीचं बंद आहे, टाकू का? फर्मवेअर म्हणजे त्या कार्डाच्या पोटात चालणारा छोटा प्रोग्राम. सतीश म्हणाला, हो म्हणा अन् मोकळे व्हा. सरांनी 'नाही' दाबलं. वायफाय गेलं. मग राऊटरपासून ओसरीपर्यंत केबल ओढली, तिच्यावर वहिनी टॉवेल वाळत घालू लागल्या.

*

वडनेर भोलजीच्या एका शाळेत सर मुक्त सॉफ्टवेअरवर बोलायला गेले. तिथं नेट होतं, पण वायफायचं. सरांनी खिशातून मोबाइल काढला, त्यावर वायफाय पकडलं आणि तो वायरीनं लॅपटॉपला जोडला. हेडमास्तरांनी शांतपणे विचारलं, "सर, या मोबाइलच्या आतलं तुमाले वाचता येते का?"

सर म्हणाले, "मोबाइल बायकोचा आहे."

*

सतीश उलट्या टोकाचा. गिऱ्हाइकाला न विचारता सगळं बंद फर्मवेअर टाकून मोकळा! सरांनी झापलं, निवड त्या माणसाची आहे, तू कोण ठरवणारा? पुढच्या गिऱ्हाइकाला सतीशनं चहा पाजून मुक्त काय, बंद काय, सगळं समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"भाऊ," तो म्हणाला, "दोन्ही टाका."

*

शेवटी सरांना उघड्या फर्मवेअरवर चालणारं वायफायचं एक बोंडुक, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचं बोटभर यंत्र, मिळालं. त्यांनी पेढे वाटले. पण राऊटरची खोली सोडली की नेट जायचं. सर राऊटरला खेटून खुर्ची टाकून बसले. वायर नाही, यातच खूश!

*

सरांच्या आई आमच्या वादात हमखास तोंड घालायच्या. मग त्यांना ऐकू येईनासं झालं. आम्ही बोलत असलो की नुसत्या तोंडाकडे बघत बसायच्या. मला फार वाईट वाटायचं. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलं. सरांनी चौकशी केली, तर त्याच्याही आतलं फर्मवेअर बंद! झालं, गाडी तिथंच अडली. सर उघडं मशीन शोधत राहिले, ते काही मिळेना, आणि म्हातारी गप्पच.

अखेर मी आणि सतीशनं माय-लेकांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी एक मशीन आईंच्या कानात बसवलं, कॉम्प्युटरवर काहीतरी जुळवलं आणि पाच मिनिटं बसू द्या म्हणाले. सर घरच्या सवयीनं, आईंच्या समोरच, हळू आवाजात आम्हाला म्हणाले, "मले अजूनही पटून नाही राह्यलं. आत काय चालू आहे ते उघडून पाहता येत नाही, अन् मायच्या कानात घालायचं?"

खुर्चीतून आईंचा आवाज आला, "तुह्या बापाच्या डोक्यात काय चालू राहे, ते मले कधी उघडून पाहता आलं का? तरी संसार केला ना!"