नऊ दिवस आणि खिशातला कीबोर्ड

रविवार, सकाळचे अकरा. जागा: परळ, सासऱ्यांची खोली. हजर: सासरे आप्पा, सासूबाई, माझी बायको, तिची धाकटी बहीण, मी आणि माझा साडू. गैरहजर कोणी नाही. एवढं डायरीत टिपून मी पेन खिशाला लावलं आणि मग वर बघितलं, कारण जे व्हायचं होतं ते साडूच्या हातून व्हायचं होतं, आणि ते बघायची मला मुळीच घाई नव्हती.

माझ्या साडूसारखा माणूस सबंध मुंबईत दुसरा नसेल. लोक शर्टाच्या खिशात चष्मा ठेवतात, फणी ठेवतात. हा कीबोर्ड ठेवतो. तळहातात मावणारा, बिनतारी, तिळाएवढ्या अक्षरांची बटणं आणि खाली बोट फिरवायला एक गुळगुळीत चौकोन. त्याची नखाएवढी पिन वेगळ्या डबीत असते आणि ती डबी पूर्वी देवाच्या कुंकवाची होती. कुणाच्याही घरी गेला की हा पाणी पिण्याआधी टीव्हीच्या मागे हात घालतो, पिन खोचतो आणि मग म्हणतो, "हां, आता बोला." लालबागला त्याच्या चाळीत गणपतीच्या आरतीला पुस्तकं वाटत नाहीत. हा दाराशी उभा राहून टाळ्या वाजवता वाजवता अंगठ्याने भिंतीवरच्या टीव्हीत कडवी पुढे सरकवतो आणि एखाद्याचा सूर लांबला तर त्याच्यासाठी थांबतोही. रविवारी सासुरवाडीला बोंबील तळायला ओट्याशी उभा राहतो तेव्हा कीबोर्ड पारदर्शक पिशवीत असतो. पिठाच्या हातानेच तो पिशवीवरून बटण दाबतो आणि ओरडतो, "आई, जाहिरात लागली, पुढं ढकलतंय हां!" सासूबाई आतून म्हणतात, "ढकल रे बाबा." मी कधी काही ढकलायचं म्हटलं तर विचारतात, "तुम्ही कशाला त्रास घेता?"

हा फरक मी वीस वर्षं बघतोय. मी मोठा जावई, म्हणून मला 'तुम्ही', पाट, आणि पहिली वाटी. तो धाकटा, म्हणून त्याला 'तू' आणि पाठीत धपाटा. पहिली वाटी कुणालाही मिळते हो. आप्पांनी मला एकदाही धपाटा मारलेला नाही.

साडू लिफ्ट दुरुस्त करतो; माझं काम त्याच्यासारखं वरखाली चालत नाही. मी ऑफिसात प्रशासन बघतो, घरातही तेच बघतो. गिरगावात आमच्याकडे टीव्ही, केबलचा डबा, दोन पंखे, एसी आणि स्पीकर मिळून सहा रिमोट आहेत. प्रत्येकाला प्लास्टिकचं वेष्टण, पाठीवर क्रमांक आणि ट्रेखाली क्रमांकांची यादी. साडू आला, पिन खोचली, चार बटणं दाबली आणि टीव्ही, डबा, स्पीकर तिन्ही त्याच्या तळहातात आले. तीन रिमोट त्याने ट्रेमधून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले. "साडूभाऊ, ह्यांका आता पेन्शन द्या!" बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. यादी मला पुन्हा लिहावी लागली.

मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बाहेर पडत नाही. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून काढलेला हा माणूस, साहेबाच्या मसुद्यातल्या चुका साहेबाला दाखवणारा, आता खिडकीकडे बघत बसायचा. त्यांना घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी मी तक्ता तयार केला. चोवीस चित्रं, चोवीस क्रमांक: पाणी, चहा, गोळी, पंखा, संडास वगैरे. लॅमिनेट करून पलंगासमोर ठोकला. आप्पांनी फक्त बोट दाखवायचं होतं. आप्पांनी तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

महिन्याभराने साडू आला. जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला, पडद्यावर कोरं पान उघडलं आणि खिशातला कीबोर्ड आप्पांच्या डाव्या हातात दिला. "आप्पा, काय पायजे ता लिवा." आप्पांचं बोट बटणांवरून हळूहळू फिरलं, जणू ओळीतले दाणे मोजत होतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. कशाचा कशाला मेळ नाही. आप्पांनी पडद्याकडे बघून जोरात मान हलवली आणि पुन्हा तेच बडवलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. साडूचा चेहरा पडला. "डोक्यात पण गेलं काय ओ?" तो जिन्यात मला म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लिहायला लाज वाटते, पण त्या खांद्यावर हात ठेवताना मला बरं वाटत होतं.

माझं ऑफिस तिथून चालत सात मिनिटं. चारच्या चहाला मी आप्पांकडेच जातो. कीबोर्ड त्यांनी सोडला नव्हता. सवयीप्रमाणे पडद्यावरचं वेळेसकट उतरवून घेत गेलो. चौथ्या दिवशी डायरी चाळली तर चार वाजून पाच मिनिटांपुढे रोज तीच तीन अक्षरं: पी, जी, के. चार वाजता माणसाला काय हवं असतं? मी कपाटावर बघितलं. तिथे आप्पांचं निवृत्तीनंतर कचेरीच्या लिलावात घेतलेलं मराठी टाइपरायटरचं मशीन मेणकापडाखाली होतं, वर सासूबाईंचे पापडाचे डबे. डबे उतरवले, कापड उचललं. पीच्या जागी, वरच्या ओळीतलं दहावं बटण: च. जीच्या जागी, मधल्या ओळीतलं पाचवं: ह. केच्या जागी, त्याच ओळीतलं आठवं: काना.

आप्पांना ती तिळाएवढी अक्षरं दिसतच नव्हती. त्यांचं बोट चाळीस वर्षांच्या जागा मोजत जात होतं. ते बरोबर टाइप करत होते. पडदा चुकीचं वाचत होता.

साडूला फक्त एक फोन करायचा होता. त्याने दहा मिनिटांत लॅपटॉपला जुन्या मशीनची मांडणी शिकवली असती. मी फोन काढला, त्याचं नाव आणलं आणि डोळ्यांसमोर आलं सबंध घर: आप्पा बोलताहेत, सासूबाई रडताहेत, साडूच्या पाठीत धपाटे पडताहेत आणि माझा तक्ता भिंतीवर. मी फोन खिशात ठेवला आणि सासूबाईंना म्हणालो, "आप्पांना चहा हवा असेल."

नऊ दिवस. मशीनवरची सगळी बटणं मी डायरीत उतरवून घेतली होती. पडद्यावर ओळ उमटली की गॅलरीत जाऊन जुळवायची, परत येऊन उशी उंच करायची. खिडकी लावायची. एकदा गंजीफ्रॉक बदलायला सांगितला तर सासूबाई थक्क. "अगं, यांना कसं कळतं गं सगळं!" त्या माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या. बुधवारी साडू येऊन गेला, कोपऱ्यात बसून कीबोर्डची बॅटरी तपासली आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुमचा जीव आहे हो आप्पांवर. माझं नुसतं खेळणं." मी 'नाही रे' म्हटलं. डायरी खिशात सारली.

नवव्या दिवशी आप्पांनी माझ्याकडे बघत बघत लांब ओळ लिहिली. पाऊण तास लागला. कपाळाला घाम. मी जिन्यात जाऊन जुळवली.

"तुला वाचता येतं. धाकट्याला सांग."

वीस वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' मिळालं. दोन-चार बटणं वाचवायला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग तिथेच पायरीवर बसून साडूला फोन लावला.

तर हा तो रविवार. साडूने मशीन खाली उतरवलं, बटणांचा फोटो काढला, मोबाइलवर मांडणी शोधली, लॅपटॉपमध्ये घातली. हात चालू होते आणि तोंडही. "आयला साडूभाऊ, चार वाजताचा चहा! हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं." मग गॅलरीत जाऊन सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडला, "ओ, आमच्या मोठ्या जावयांनी शोधलं हां! मी फक्त वायरमन!" कीबोर्ड आप्पांच्या हातात दिला. नऊ दिवसांचा हिशेब त्या पडद्यावर एका ओळीत मावला असता.

आप्पांचं बोट मोजत निघालं. पडद्यावर मराठी अक्षरं एकेक करून उभी राहिली: "तक्ता काढा."

सगळे हसले. सासूबाई रडता रडता हसल्या. मीही हसलो, आणि 'काढ' नव्हे, 'काढा' वाचून मी पुन्हा पाटावर गेल्याचं कळलं. मग दुसरी ओळ: "धाकट्या, ओरडू नको." साडू पलंगाशी वाकला आणि आप्पांनी कीबोर्ड खाली ठेवून चांगल्या हाताने त्याच्या पाठीत हळूच एक धपाटा घातला. आवाजही झाला नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

निघताना जिन्यात साडूने एक नवा कीबोर्ड आणि कुंकवाची डबी माझ्या हातात ठेवली. "आप्पांकडे आता माझा कीबोर्ड कायमचा राहिला. मी घरासाठी दुसरा घेतला होता, तो तुम्ही घ्या. त्याची पिन डबीत आहे. माझ्यापेक्षा तुमच्याकडे नीट राहील." डबीच्या झाकणाला अजून कुंकवाचा वास होता. काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं, तर हा तीन पायऱ्या एकदम उतरत म्हणाला, "चला, बोंबील संपतील बाजारातले!"

आता आप्पा रोज पाच-सहा ओळी लिहितात. बहुतेक चुका काढतात. साडूवाचून त्यांचं काही अडत नाही, पण बुधवारी तो यायचा असतो, तेव्हा साडेपाचपासून दाराकडे बघत असतात. मी हजर असतो, चहा देतो, आणि पडदा मला 'तुम्ही' म्हणतो.

डायरीत त्या रविवारच्या पानावर तीन कामं आहेत. तक्ता काढणे: झालं, भिंतीला चार भोकं राहिली. टाइपरायटरला नवं कापड शिवणे: झालं. साडूला नऊ दिवसांचं सांगणे: हे मी चार वेळा पुढच्या रविवारावर ढकललं आहे. पुढे खूण नाही.