वईच्या पलीकडचा हात

समुद्राकाठच्या आमच्या वाडीत तारेचं कुंपण फार टिकत नाही. खारा वारा ते खातो. बाबल्याने थोरल्या चुलतभावाशी, वसंताशी, हद्दीवरून भांडण झाल्यावर मध्ये अशी तार ओढून घेतली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं आणि वसंताच्या बायकोची विहिरीची वाटही. विहीर बाबल्याच्या आवारात आहे.

यंदा तार हाताने मोडू लागली. गुरं शिरून मिरच्या खाऊन गेली. काल सकाळी बाबल्या जुन्या पद्धतीची वई घालू लागला. उभ्या काठ्यांना आडव्या कामट्या सुंभाने बांधायच्या असतात. सुंभाचं टोक एकाने आरपार ढकलायचं, पलीकडच्याने वळसा घालून परत द्यायचं. तार एका बाजूने ओढता येते, वईला दोन्ही बाजूंना माणूस लागतो. बाबल्याने पळापळ करून चार गाठी एकट्याने मारल्या. पाचव्या वेळी टोक पलीकडून परत आलं.

"घट ओढ मरे, जेवलंस नाय काय?" वसंताचा आवाज.

"जेवलंय. तू कामटी सरळ धर."

दुपारपर्यंत एवढंच बोलणं झालं. शेवटी हातभर जागा उरली. काठी हातात घेऊन बाबल्या थांबला.

"हयसर बेडां ठेवया," तो म्हणाला. "वयनीक पाण्याक फेरो पडता."

बेडं म्हणजे वईतलं ये-जा करायचं फाटक. वसंताने जागा नजरेने मोजली आणि शेजारची रोवलेली काठी उपटली.

"रुंद ठेव. ती दोन कळशे घेवन येता."