टेबलात ठेवलेली माणसं

जुने मित्र भेटले की म्हणतात, "तुझं ऑफिस बंद झालं, पण किस्से काही बंद होत नाहीत!" खरंय. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आम्ही सात-आठ वर्षं वेबसाइट बनवल्या. त्यातली आज एकही चालू नाही. किस्से मात्र साचतच गेले, आणि सांगताना आता पूर्वीसारखं हसू येत नाही.

ऑफिसात आम्ही तिघं. मालक बोरकर सर, टायपिंग करणाऱ्या सुनंदाताई आणि मी. वेबसाइटचं तयार सॉफ्टवेअर मिळायचं. त्यात मजकूर भरला की तो डेटाबेसमध्ये, म्हणजे रकाने पाडलेल्या टेबलांमध्ये, जाऊन बसायचा. टेबलं बनवायचं काम माझं. ती कुठल्या सर्व्हरवर ठेवायची, हे सर ठरवायचे. चुका दोघांनीही केल्या.

* * *

वारासिवनीचे एक हेडमास्तर आले. "वेबसाइट राहीन कुठी?"

"सर्व्हर अमेरिकेत आहे," सर म्हणाले.

"माही शाळा अमेरिकेत काहून? इथीच ठेवा!"

सरांना पटलं. साइट ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर चढवली. झालं! बालाघाटची लाइट गेली की शाळाही जायची. नेमकी त्याच महिन्यात बाहेरची एक संस्था शाळेला मदत द्यायची की नाही ते साइट पाहून ठरवणार होती. त्यांनी तीनदा उघडली, तिन्ही वेळा लाइट नव्हती. पत्र आलं : "शाळा अस्तित्वात असल्याची खात्री होऊ शकली नाही."

हेडमास्तरांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "पोरं वर्गात बसून आहेत जी. त्यायले काय सांगू, तुम्ही नाही आहात म्हणून?"

* * *

मग सरांनी दूरच्या एका कंपनीचं होस्टिंग, म्हणजे तिच्या सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेतलं. वर्षभर छान चाललं. एका सकाळी आमच्या सगळ्या साइट एकदम बंद! सरांनी फोन लावला. पलीकडून कोणी म्हणालं, "भाईसाब, कंप्यूटर वाले तो खाली करके चले गए. अब यहाँ टाइल्स की दुकान है."

सरांनी फोन ठेवला. सुनंदाताईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, बाथरूमसाठी पाहिजे असतील तर सांगा."

* * *

सीडीवर कॉपी करून ठेवलेल्या अर्ध्या साइट सापडल्या. त्या मी नव्या सर्व्हरवर उतरवल्या, पण अक्षरांचं सेटिंग चुकलं आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह झालं. त्यात एका बुद्धविहाराचं, गेलेल्या माणसांच्या स्मृतीचं पान होतं. फोटो जागेवर, खाली नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हं.

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जिना चढून आले. स्क्रीनवरच्या बायकोच्या फोटोखाली बोट ठेवून म्हणाले, "हिचं नाव यशोदा होतं. यात विचारायचं काय हाये?"

* * *

आता माझा गुन्हा. नव्या होस्टिंगवर एकच डेटाबेस मिळायचा, म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांची टेबलं एकातच कोंबलेली. एक जुनी साइट पुसताना मी शेजारची टेबलंही पुसली. ती किरनापूरच्या गुरुजींची. त्यांनी गावातल्या बायांकडून रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी गोळा केली होती आणि दोन वर्षं एका बोटानं टाइप करून साइटवर चढवली होती.

"वह्या असतील ना गुरुजी?"

"साइटवर चढली म्हणून रद्दीत देल्या."

"मग पुन्हा त्या बायांकडे जाऊ. मी येतो मोटरसायकल घेऊन."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "तीन बाया होत्या. शेवटची चैतात गेली."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

* * *

एका वधू-वर मंडळाची साइट मीच केली होती. प्रत्येक मुला-मुलीच्या नोंदीत 'स्थिती' नावाचा रकाना होता. त्यात दोनच पर्याय : 'शोध सुरू' आणि 'विवाह जुळला'. तिसरा मला सुचला नव्हता.

एका दुपारी मेश्रामकाका आले. बसचं तिकीट अजून हातातच. सुनंदाताईंना म्हणाले, "बाई, पोरीचं नाव काढा त्यातून. गेली ते. पंधरा दिवस ताप होता."

ताईंना पाणी द्यायचंही सुचलं नाही. मी बाहेर गेलो होतो. नोंद पुसायचं बटण त्यांच्याकडे नव्हतं, आणि नाव शोधाच्या यादीतून तर काढायचं होतं. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. काका हात जोडून गेले.

विवाह जुळलेल्यांची नावं साइट आपोआप पहिल्या पानावर टाकायची. 'हार्दिक अभिनंदन!' फोटोभोवती फुलांची चौकट. तीही मीच केलेली.

आठवड्यानं काका पुन्हा आले. "मले फोन येऊन राह्यले जी."

मी पान उघडलं. ताईंनी पदर तोंडाला लावला. मी घाईघाईनं माऊस धरला, तर काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. वाकून बराच वेळ फोटो पाहत राहिले.

"काल बैहरहून तिच्या शाळेतल्या बाईचा फोन आलता," ते म्हणाले. "लय खूश होती. विचारत होती, पोरीले कुठी देली म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं, काका?" ताईंनी विचारलं.

"म्या म्हटलं, लांब देली."