विळी कोणाला

मी मृत्युपत्र लिहायला घेतलं तेव्हा आमचे हे बिचकले. "अगं, धडधाकट आहेस की. आत्ताच कसली घाई?" म्हणाले. मी म्हटलं, "अहो, धडधाकट आहे म्हणूनच लिहितेय. अंथरुणाला खिळल्यावर माणूस हळवं होतं आणि भलत्यालाच सगळं देऊन बसतं." कामं वेळेआधी उरकायची माझी खोड आहे. सव्वीस वर्षं न्युरेम्बर्गच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिलंय, ते काही उगाच नाही.

खरं कारण म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या. त्यांची मुलं आली, कागदपत्रं घेतली आणि घर रिकामं करणाऱ्या माणसांच्या हाती किल्ली देऊन परत गेली. दोन दिवसांत आजींचा संसार फुटपाथवर आला. ज्या साच्यातला केक मी इतके नाताळ हक्काने खाल्ला, तो साचा 'फुकट न्या' लिहिलेल्या खोक्यात पडला होता. माझ्या विळीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी तिथल्या तिथे ठरवलं.

ही विळी मी इकडे निघाले तेव्हा आईने जुन्या चादरीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली होती. पात्याला पुढे नारळ खवायची खवणी, पाट सागवानी. जर्मन सुऱ्यांचं कौतुक मला कुणी सांगू नये. प्रश्न एवढाच होता की माझ्यामागे ती हवी कुणाला? मुलगा बर्लिनला, त्याच्या स्वयंपाकघरात एक तवा आणि तीन चमचे. मुलगी र्युसेल्सहाइमला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तिला सरळ विचारायचं मला धाडस होत नव्हतं. इतर कुठल्याही बाबतीत मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण ती "नको" म्हणाली असती तर मला फार लागलं असतं.

मृत्युपत्र कसं लिहितात ते इंटरनेटवर शोधता शोधता मी भलतीकडेच पोचले. काहीशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांची मृत्युपत्रं. जमीनदार नव्हेत, मजूरही नव्हेत, स्वतःचं रान कसणारी खाऊनपिऊन सुखी माणसं. जमीन बहुतेक थोरल्याला. पण पुढे काय काय लिहिलंय! पिसांची गादी अमकीला, मोठं पितळी भांडं तमकीला, धाकटीला गाय, बायकोला राहती खोली. एकेक वस्तू आणि तिच्यापुढे एकेक माणूस. मला ती माणसं एकदम आवडली. 'सर्व चीजवस्तू समान वाटून घ्याव्यात' असं लिहिलं की शेवटी फुटपाथच, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

मग मीही तसंच केलं. लॅपटॉपवर झकास तक्ता बनवला, छापला, खाली सही ठोकली. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "हे टेस्टामेंट चालणार नाही. स्वतः लिहायचं असेल तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत हाताने लिहावं लागतं." एवढी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. गपचूप पेन घेतलं आणि कोर्टाला कळावं म्हणून सगळं जर्मनमध्ये लिहून काढलं. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. फ्लॅट दोघांना निम्मा निम्मा, कुकर मुलाला, आणि जीव मुठीत धरून विळी व बाकीची भांडी मुलीला.

ती शनिवारी आली. मी पानं तिच्यापुढे ठेवली आणि उगाच ओटा पुसत राहिले. ती वाचत होती, आणि तिच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"ममा, हे काय आहे?" ती जर्मनमध्ये म्हणाली. "लाकडी फळीवर बसवलेला वाकडा सुरा? मसाल्यांची गोल डबी? या कुणाच्या घरच्या वस्तू आहेत?"

"आपल्याच," मी म्हटलं.

"आपल्या नाहीत. आपल्याकडे विळी आहे." तो एक शब्द तिने मराठीत उच्चारला, 'ळ' अगदी स्वच्छ. "आणि मिसळणाचा डबा आहे. विळी लिही. कोर्टाला कळलं नाही तर कोर्ट मला विचारेल."

नवव्या वर्षी विळीवर बसायला शिकताना पहिल्याच दिवशी तिने बोट कापून घेतलं होतं. तो व्रण अजून आहे, आणि तोच हात पुढे करून ती विचारत होती, "पण तू मरेपर्यंत मी नारळ कशाने खवायचा?"

रविवारी ती गाडीने परत गेली. मागच्या सीटवर, त्याच जुन्या चादरीत गुंडाळलेली विळी होती.

संध्याकाळी मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. वाक्यं जर्मन, भांड्यांची नावं मराठी. हे डोकावून म्हणाले, "विळी राहिली की लिहायची."

"राहिली नाही," मी म्हटलं. "दिली."