वांगणीचा वाघ

"मी सांगतो ना!" म्हणून टेबलावर थाप मारली, की जव्हार संस्थानच्या शिकारखात्यातल्या आमच्या थोरल्या कारकुनांपुढे कुणाचे काही चालत नसे. असे सर्वज्ञ तुम्हीही पाहिले असतील. या गृहस्थांनी जंगल पाहिले होते ते कचेरीच्या खिडकीतून.

एकदा वांगणीहून एक म्हातारी आली. साळ, म्हणजे साळिंदर, तिची कोनफळे उकरून खात होती. बांधातले बीळ खणायची तिला परवानगी हवी होती. होळीपर्यंत तिचे पोट त्या कोनफळांवरच होते. कारकून चक्क पाहणीला गेले. बिळाच्या तोंडाशी त्यांना हाडांचा ढीग दिसला आणि स्वारी धापा टाकत परतली.

"वाघाची गुहा आहे!"

"वाघ नाय सायेब, साळच आहे. दात झिजवाया हाडां कुरतडते ती," म्हातारी म्हणाली.

"अगं, कंद खाणारं जनावर हाडं कशाला गोळा करील? मी सांगतो ना!"

हुकूम निघाला. दरबारचे पाहुणे शिकारीला येईपर्यंत त्या शेतात कुणी पाऊल टाकू नये, जाळ करू नये, डबे वाजवू नयेत. साळ हाकलायचे म्हातारीचे सगळे उपाय त्यात बंद झाले. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. मी त्यांच्या हाताखाली होतो आणि माझे अक्षर बरे, म्हणून हुकूम मी लिहिला.

पाहुणे पंधरवड्याने आले. मचाण बांधले, ढोल बडवले, बिळात धूर केला. आतून काटे खुळखुळवत साळिंदरांची गुबगुबीत जोडी निघाली. एक कुत्रे अंगावर गेले, तर त्यातल्या एकाने पाठ फिरवून उलट्या पावली धाव घेतली आणि कुत्र्याच्या नाकात काटे रोवले. आमचे वाघतज्ज्ञ पाहुण्यांच्याही आधी मचाणावर चढून बसले होते. सगळे पोट धरून हसले. म्हातारी हसली नाही. तिच्या शेतात नुसते खड्डे उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली आणि एक लांब, काळापांढरा काटा तिने कारकुनांच्या दौतीजवळ ठेवला.

"घ्या सायेब, तुमच्या वाघाची मिशी."

त्या हिवाळ्यात ती घर बंद करून कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेली. परत आलेली मी पाहिली नाही.

कारकून मात्र रोज वेळेवर येत राहिले. फक्त टेबलावर थाप मारीनासे झाले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळे आवरले, फुटकी दौतसुद्धा नेली. काटा तेवढा त्यांना उचलवला नाही. एवढी लाज त्यांच्यात होती, हे मला तेव्हा कळले आणि माझा राग थोडा उतरला.

आता त्या टेबलाशी मी बसतो. काटा अजून तिथेच आहे. मलाही तो उचलवत नाही. हुकुमाचे अक्षर माझे होते.